डायाब्लो पुन्हा खेळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणत्या डायाब्लोबद्दल बोलतोय आपण?

पहिल्या. १९९६ सरता सरता अमेरिकेत बाजारात आलेला, एका सीडीत मावणारा, विंडोज ९५ वर चालणारा, ब्लिझार्ड या कंपनीचा संगणकावरचा गेम. एक गाव, एक पडकं चर्च आणि त्याखाली सोळा मजले. २००० सालचा दुसरा भाग जास्त लोकांनी खेळलाय. अनेकांची सुरुवातच तिथून झाली. त्यामुळे ‘डायाब्लो खेळलोय’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी पहिला भाग उघडूनही पाहिलेला नसतो. हे पान त्यांच्यासाठी, आणि लहानपणी अर्धवट सोडून आता पुन्हा तिथे जावंसं वाटणाऱ्यांसाठी.

मी स्वतः दुसऱ्या गटातला. चुलतभावाच्या घरी पेंटियम होता. कुठल्याशा मासिकासोबत आलेल्या सीडीवर गेमचा नमुना होता, फक्त वरचे दोन मजले आणि एकच पात्र. तेवढ्यावर आम्ही दिवाळीची सगळी सुट्टी काढली. सोळाव्या मजल्यावर पोहोचायला मला पुढे बरीच वर्षं लागली. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा खाली उतरतो.

आज हा गेम मिळतो कुठे? नव्या संगणकावर चालतो का?

चालतो, आणि कायदेशीर मिळतोही. मार्च २०१९ मध्ये जीओजी या ऑनलाइन दुकानाने तो विकायला काढला. त्याआधी अनेक वर्षं जुनी सीडी शोधण्याशिवाय इलाज नव्हता. तिथे एकाच खरेदीत दोन आवृत्त्या मिळतात: एक जशीच्या तशी जुनी, दुसरी नव्या विंडोजसाठी थोडी दुरुस्त केलेली. ‘हेलफायर’ हा जोडभागही त्याच वर्षी त्यात आला.

मात्र माझा सल्ला असा, की गेम तिथून घ्या आणि खेळा ‘डेव्हिल्यूशनएक्स’वर.

डेव्हिल्यूशनएक्स म्हणजे काय? ती चोरीची प्रत आहे का?

चोरीची नाही. २०१८ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने मूळ गेमचा प्रोग्राम उलटा उलगडून पुन्हा लिहून काढला. ब्लिझार्डकडून अनवधानाने राहून गेलेल्या खुणा त्याच्या कामी आल्या. प्लेस्टेशनच्या जपानी आवृत्तीत फंक्शनांची नावं तशीच सुटली होती, आणि मूळ गेमच्याच फायलींमध्ये चाचणीसाठीची एक प्रतही लपलेली होती. त्या धाग्यावरून सगळं वस्त्र परत विणलं गेलं. ‘डेव्हिल्यूशन’ हे त्या मूळ कामाचं नाव. त्यावरून पुढे अनेकांनी मिळून जी सुटसुटीत, सगळीकडे चालणारी आवृत्ती उभी केली ती डेव्हिल्यूशनएक्स.

चित्रं, आवाज, संगीत यांतलं काहीच तिच्यासोबत येत नाही. ते तुमच्या विकत घेतलेल्या गेममधल्या ‘डायबडॅट.एमपीक्यू’ या फायलीतून घ्यावं लागतं. ती फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवली की काम झालं. विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, सगळीकडे चालतं. जॉयपॅडही चालतो. पडदा रुंद असेल तर दृश्य रुंद दिसतं. गेम विकत घ्यायच्या आधी चाखून पाहायचा असेल, तर ब्लिझार्डने त्या काळी फुकट वाटलेल्या नमुन्याची फाइलही पुरते. मिळतं तेच, जे आम्हाला मिळालं होतं: योद्धा आणि दोन मजले.

पळता का येत नाही? पात्र इतकं हळू का चालतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

मूळ गेममध्ये धावणं नाहीच. गावात नाही, खालीही नाही. डेव्हिल्यूशनएक्समध्ये गावात धावण्याची सोय आहे, ती चालू करायला माझी हरकत नाही. नदीपलीकडे चेटकीण अड्रियाच्या झोपडीपर्यंतची पायपीट पंधराव्या वेळी कुणालाही नकोशी होते. पण खाली उतरल्यावरचा संथपणा हाच या गेमचा कणा आहे.

नंतरच्या गेममध्ये तुम्ही राक्षसांच्या झुंडीत घुसता आणि वीस जणांना एका फटक्यात आडवं करता. इथे तसं करून पाहा. सांगाड्यांची टोळी चौथ्या मजल्यावरही तुम्हाला घेरून मारते, कारण प्रत्येक मोठा घाव बसला की तुमचं पात्र क्षणभर हेलपाटतं. चार बाजूंनी घाव बसत राहिले तर हात उचलायलाही सवड मिळत नाही. पळून सुटका नाही, कारण पळणंच नाही. त्यामुळे खोलीत शिरण्याआधी दार उघडायचं, दोन पावलं मागे यायचं आणि दाराच्या चौकटीत उभं राहून एकेकाला घ्यायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. दोनदा मेल्यावर प्रत्येकजण आपोआप शिकतो.

अंधाराचंही तसंच. तुमच्याभोवती उजेडाचं एक लहान वर्तुळ असतं आणि त्यापलीकडे काळोख. उजेड वाढवणारी अंगठी सापडली की खरोखर आनंद होतो. पलीकडून आधी आवाज येतो, मग काहीतरी हलतं, मग दिसतं. धावता येत असतं तर त्या काळोखाला काही किंमतच उरली नसती.

म्हणून पुन्हा खेळायला बसाल तेव्हा गेमचा वेग वाढवू नका. तसा पर्याय आहे, पण पहिल्या खेपेला तरी त्याला हात लावू नका.

पात्र कोणतं घ्यावं?

तीन आहेत: योद्धा, ‘रोग’ (इंग्रजी Rogue) ही तिरंदाज बाई आणि मांत्रिक.

पहिल्यांदा खेळत असाल तर योद्धा घ्या. मांत्रिक सुरुवातीला फार नाजूक असतो. पहिल्या दोन मजल्यांवर तो मरत राहतो आणि शेवटच्या मजल्यांवर तोच सगळ्यांना जाळत सुटतो. रोग मधली. धनुष्य हाती असेल तर तेराव्या मजल्यापर्यंत ती सगळ्यात सुखाने जाते. तिथे दुरून रक्तवर्णी तारे फेकणाऱ्या सकबस या राक्षसिणी भेटतात, तेव्हा तिलाही आडोसा शोधावा लागतो.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: मंत्रांची पुस्तकं तिन्ही पात्रं वाचू शकतात, मॅजिक हा गुण पुरेसा असला की झालं. योद्ध्याला हीलिंग (जखमा भरणारा) आणि टाउन पोर्टल (गावी परत नेणारं दार उघडणारा) हे मंत्र शिकवून ठेवा. त्याच्या मॅजिकची कमाल मर्यादा मात्र ५० आहे, मांत्रिकाची २५०. त्यापुढची मजल अंगठ्या-ताईतांच्या जोरावरच मारावी लागते.

पॉइंट कुठे घालावेत?

पात्राची लेव्हल, म्हणजे पातळी वाढली की दर वेळी गुण वाढवायला पाच पॉइंट मिळतात. मर्यादा ठरलेल्या असल्याने कायमची चूक होणं अवघड आहे. योद्ध्याची ताकद २५० पर्यंत जाते, रोगची चपळाई २५० पर्यंत. आपल्या पात्राचा मुख्य गुण वाढवत राहा आणि समोर आलेलं चिलखत घालायला जेवढी ताकद कमी पडते तेवढीच ताकदीत घाला. याहून जास्त हिशेब मी कधी केला नाही.

दुसऱ्या मजल्यावरचा खाटीक मला मारतोच आहे. काय करू?

बुचर. चर्चच्या दारात एक जखमी माणूस मरताना त्याच्याविषयी सांगतो. मग दुसऱ्या मजल्यावर एक बंद चौकोनी खोली दिसते. दार उघडलं की आत रक्तामांसाचा सडा, आणि ताजं मांस आल्याचा आनंद व्यक्त करणारा त्याचा तो आवाज. आम्ही त्या सुट्टीत तो आवाज ऐकून खुर्चीसकट मागे सरकलो होतो.

त्याला लगेच मारायचं बंधन नाही, हे आधी लक्षात घ्या. दार बंदच ठेवा, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर जाऊन दोन लेव्हल वाढवा, चांगली ढाल मिळवा आणि मग परत या. गेम तुम्हाला अडवत नाही.

लगेच मारायचाच असेल तर जाळीचा उपयोग करा. वरच्या चार मजल्यांवर भिंतींमध्ये लोखंडी गज असतात. त्यांतून माणूस जात नाही, बाण आणि मंत्र जातात. बुचर तुमच्याकडे सरळ रेषेत धावतो, वळसा घालायचं त्याला सुचत नाही. तुमच्यामध्ये आणि त्याच्यामध्ये गज आले की तो तिथेच अडतो. रोग आणि मांत्रिक यांच्यासाठी ही युक्ती हमखास आहे. योद्ध्याने पट्ट्याचे आठही खण औषधांनी भरावेत आणि सेव्ह करून आत जावं.

मला लिओरिक राजा भेटलाच नाही. गेम बिघडलाय का?

बिघडलेला नाही. एकट्याने खेळताना प्रत्येक नव्या गेममध्ये क्वेस्ट, म्हणजे तुमच्यावर सोपवलेल्या कामगिऱ्या, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या जातात. विषारी झालेल्या पाण्याची क्वेस्ट आली की सांगाड्यांचा राजा झालेल्या लिओरिकची येत नाही, आणि उलटही. बुचर, ओग्डेनची पाटी आणि गारबॅड या तिघांतल्या दोनच येतात. काळं मशरूम, वेडा झार आणि ऐरण या तिघांतल्याही दोनच. लखदानन आणि रक्ताचा सरदार यांपैकी एकच.

भुयारांचे नकाशेही दर वेळी नवे घडतात आणि वस्तूंचे गुणही. त्यामुळे दोघा मित्रांनी एकाच दिवशी सुरू केलेला गेम दोघांना वेगळी गोष्ट सांगतो. सगळ्या क्वेस्ट एकाच खेपेत हव्या असतील तर डेव्हिल्यूशनएक्समध्ये ही निवड बंद करता येते. दुसरा मार्ग म्हणजे तेच पात्र घेऊन नवा गेम सुरू करायचा. लेव्हल आणि सामान तसंच राहतं, जग नवं होतं. मला हा मार्ग आवडतो.

गावातल्या लोकांचं बोलणं ऐकायलाच हवं का? फार वेळ जातो.

ऐका. गोष्ट तिथेच आहे.

ट्रिस्ट्रम या गावात मोजकीच माणसं उरली आहेत. लोहार ग्रिसवोल्ड, वैद्य पेपिन, ‘रायझिंग सन’ खाणावळीचा मालक ओग्डेन, त्याच्याकडे काम करणारी आणि आजीला सांभाळणारी गिलियन, नदीपलीकडे एकटी राहणारी अड्रिया, विहिरीजवळचा म्हातारा डेकार्ड केन. एक पाय गमावलेला पोरगा वर्ट आपली एकुलती एक वस्तू नुसती दाखवायचेच ५० सोन्याचे तुकडे घेतो. दारूत बुडालेला फार्नम त्या कडेला पडलेला असतो.

कोणाच्याही पुढ्यात ‘गप्पा’ निवडलंत, की तो गावातल्या दुसऱ्यांबद्दल बोलतो. पारावर बसल्यासारखं वाटतं. एक जण फार्नमला नावं ठेवतो, दुसरा हळहळतो, तिसरा सांगतो की तो आधी असा नव्हता. हळूहळू तुकडे जुळतात. राजा लिओरिकला वेड लागलं, त्याचा लहान मुलगा अल्ब्रेक्ट नाहीसा झाला, आर्चबिशप लाझारसने गावकऱ्यांना ‘राजपुत्राला सोडवू’ म्हणून भुयारात नेलं आणि बुचरच्या तोंडी दिलं. फार्नम त्यातून जिवंत परत आला. तेवढं कळल्यावर तो दारू का पितो हे विचारावं लागत नाही. वर्टला ग्रिसवोल्डने भुयारातून ओढून बाहेर काढलं, पाय मात्र गेला. हे सगळं कुठल्याही चित्रफितीत दाखवलेलं नाही. कोणी पायाने, कोणी घोटाने, कोणी रात्र उलटून गेल्यावरच्या कुजबुजीने तुम्हाला सांगतं.

चौदाव्या मजल्यावर लखदानन भेटला तर त्याला घाईत मारून टाकू नका. तो लिओरिकचा सेनापती होता. वेड्या झालेल्या राजाला त्यानेच संपवलं, आणि मरताना राजाने दिलेला शाप भोगत तो खाली अडकलाय. पंधराव्या मजल्यावरचं सोनेरी अमृत आणून द्या असं तो विनवतो. त्या मजल्यावर दिसेल त्याला मारत आलेलो असताना कोणीतरी थांबून बोलतं, मदत मागतं. मला सबंध गेममधला हा प्रसंग सर्वांत जास्त भिडतो. तो दिलेला शब्द पाळतो आणि ‘व्हेल ऑफ स्टील’ हे शिरस्त्राण देऊन जातो. ते शेवटपर्यंत माझ्या पात्राच्या डोक्यावर असतं.

संभाषणं इंग्रजीत आहेत, पण सगळी लिहूनही दिसतात आणि संथपणे सरकतात.

कोणत्या गोष्टींनी कायमचं नुकसान होतं?

तीन सांगतो, कारण या तिन्ही गेम कुठेही समजावून सांगत नाही.

श्राइन, म्हणजे भुयारात भेटणारी मंतरलेली देवस्थानं. ‘फॅसिनेटिंग’, ‘सेक्रेड’ आणि ‘ऑर्नेट’ या नावांच्या श्राइनला हात लावला तर एखादा मंत्र दोन पायऱ्या वाढतो, पण कमाल ‘माना’ (मंत्र टाकायला लागणारी शक्ती) दहा टक्क्यांनी कायमचा घटतो. मांत्रिकाने तर जवळही जाऊ नये.

‘ब्लॅक डेथ’ नावाचे पिवळट मुडदे. त्यांचा प्रत्येक घाव तुमचं कमाल आयुष्य एकाने कायमचं कमी करतो. दुरूनच मारा.

शस्त्राची झीज. टिकाऊपणा शून्यावर आला की वस्तू मोडत नाही, नाहीशीच होते. पडद्यावर पिवळी, मग लाल खूण दिसायला लागली की ग्रिसवोल्डकडे जा. योद्ध्याला स्वतः दुरुस्ती करता येते, पण तशा दुरुस्तीत वस्तूचा एकूण टिकाऊपणा घटत जातो. चांगली तलवार नेहमी लोहाराकडूनच नीट करून घ्यावी.

आणि सेव्ह. प्रत्येक पात्राची एकच सेव्ह असते. राक्षसांच्या गराड्यात, शेवटच्या श्वासावर सेव्ह केलंत तर तिथेच अडकलात. फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवत जा.

सोन्याने सगळी पिशवी भरून जाते. काय करायचं?

सोनं इथे जागा खातं, एका चौकोनात ५००० पर्यंत. गावात जमिनीवर ठेवा, कोणी उचलत नाही. मी विहिरीशेजारी रांग लावतो.

मित्रांसोबत खेळता येतो का?

चार जणांपर्यंत. मूळ गेमसोबतच बॅटलनेट ही ब्लिझार्डची इंटरनेटवर एकत्र खेळायची सोय सुरू झाली होती आणि ती फुकट होती, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पात्राची माहिती मात्र खेळणाऱ्याच्याच संगणकावर साठायची. त्यामुळे फसवणूक अतोनात झाली: वस्तूंच्या नकला, बनावट चिलखतं, गावातच दुसऱ्यांना मारणारे. अनोळखी माणसांबरोबर तेव्हाही खेळू नये असं होतं, आजही तसंच. ओळखीच्यांसोबत डेव्हिल्यूशनएक्समधून खेळा. नाइटमेअर आणि हेल या वरच्या, अवघड पातळ्या मूळ गेममध्ये मित्रांसोबतच्या या प्रकारातच आहेत. क्वेस्ट मात्र चारच उरतात: बुचर, लिओरिक, लाझारस आणि डायाब्लो. गोष्ट हवी असेल तर एकट्याने खेळा.

हेलफायर खेळावा का?

पहिल्या खेपेला नको. १९९७ मध्ये सिनर्जिस्टिक सॉफ्टवेअर या दुसऱ्या कंपनीने तो केला आणि सिएराने छापला. संन्यासी पात्र नवं मिळतं, दोन नवी भुयारंही. पण सूर मूळ गेमशी जुळत नाही.

हा गेम सुचला कसा? नाव कुठून आलं?

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला माउंट डायाब्लो नावाचा डोंगर आहे, उंची सुमारे ११७० मीटर. डेव्हिड ब्रेविक शाळेत असताना त्याच्या पायथ्याशी राहायचा. डोंगराच्या नावाचा अर्थ स्पॅनिशमध्ये सैतान, हे कळल्यावर ते नाव त्याच्या मनात राहिलं. पुढे त्याने मॅक्स आणि एरिक शेफर या भावांसोबत ‘कॉन्डॉर’ ही छोटी कंपनी काढली. ब्लिझार्डने १९९६ मध्ये ती विकत घेतली आणि तिचं ब्लिझार्ड नॉर्थ झालं.

मूळ कल्पनेत हा गेम पाळीपाळीने खेळायचा होता. तुम्ही एक पाऊल टाकायचं, मग राक्षसाने. विद्यापीठांतल्या संगणकांवर अक्षरांनी रेखलेले ‘रोग’, ‘मोरिया’, ‘अँगबँड’ हे जुने गेम ब्रेविकचे आवडते, आणि तेही असेच चालत. ब्लिझार्डचे लोक म्हणाले, पाळी काढा, सगळं सलग चालू द्या. ब्रेविकचा याला विरोध होता. सहकाऱ्यांचं मत उलट पडलं, तेव्हा तो बसला आणि एका दुपारीच बदल करून मोकळा झाला. २०१६ मध्ये गेमनिर्मात्यांच्या परिषदेत त्याने हे सांगितलं: सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला, घाव घातला आणि सांगाडा जमिनीवर विखुरला. त्या क्षणी त्याची खात्री पटली.

पाळीचा तो जुना श्वास पूर्ण गेलेला नाही असं मला वाटतं. दाराच्या चौकटीत उभं राहून एकेकाला घेताना, आता पुढे सरकू की मागे हटू असा विचार करताना तो जाणवतो.

गावातलं ते गिटार कोणाचं?

मॅट युल्मेनचं. बारा तारांचं गिटार आहे. हेडफोन लावून ऐका. खालून अर्धमेले होऊन पोर्टलमधून वर आलात की पहिला सूर लागतो तो या गिटारचा, आणि खांदे आपोआप सैल पडतात. पेपिनशी नुसतं बोललं तरी तो जखमा फुकट बऱ्या करतो. पण मला वाटतं त्याच्याआधी ते गिटारच ते काम करतं.

लहान मुलांना खेळायला द्यावा का?

नाही. अमेरिकेतही तो सतरा वर्षांवरच्यांसाठीच ठरवलेला आहे. बुचरची खोली आजही पोटात कालवते.

शेवट कळला तरी चालेल. शेवटी काय होतं?

ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

सोळाव्या मजल्यावर डायाब्लो हा सैतान पडतो आणि त्याच्या जागी एका लहान मुलाचं शव उरतं. तो अल्ब्रेक्ट, गावाने ज्याला शोधायला आपली माणसं गमावली तोच. त्याच्या कपाळात रुतलेला दगड तुमचं पात्र उपटून काढतं आणि सैतानाला आपल्याच शरीरात कोंडून ठेवायचं म्हणून स्वतःच्या कपाळात खुपसतं. इतका वेळ ज्याला सांभाळलं, ज्याच्यासाठी औषधं साठवली, त्याच्या बाबतीत हे घडतं, आणि तिथे तुमच्या हातात क्लिक करायला काही नसतं.

मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. संगणक बंद न करता पुन्हा नवा गेम सुरू केला, फक्त गावात जाऊन उभा राहिलो. फार्नम तिथेच पडलेला होता, ग्रिसवोल्ड ऐरणीपाशी होता. कोणालाच अजून काही ठाऊक नव्हतं.